मूत्रपिंडांचा जुनाट विकार : त्याची चाल कशी ओळखावी

मूत्रपिंडांचा जुनाट विकार बराच काळ मुका असतो. ताप नाही, वेदना नाही, लघवीही नेहमीसारखीच होते. पायांवर सूज, अन्नावरची वासना उडणे, धाप लागणे ही लक्षणे दिसू लागतात, तेव्हा मूत्रपिंडांची बहुतेक शक्ती खर्ची पडलेली असते. पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील रुग्ण अशा अवस्थेत बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात पोचला, तर डॉक्टरांच्या हाती थोडेच उरते. म्हणून हा विकार लक्षणांवरून नव्हे, तर तपासणीच्या आकड्यांवरून पारखावा लागतो.

पहिला आकडा रक्तातील क्रिएटिनिनचा. स्नायूंच्या कार्यातून निर्माण होणारा हा टाकाऊ पदार्थ मूत्रपिंडे गाळून टाकतात. गाळण मंदावली की तो रक्तात साचतो. परंतु नुसता हा आकडा फसवा असतो. दर शंभर मिलिलिटर रक्तात १.२ मिलिग्रॅम हे प्रमाण पंचवीस वर्षांच्या तरुणाला फारसे चिंतेचे नाही. २०२१ च्या सूत्रानुसार त्याचा गाळणदर मिनिटाला सुमारे ८६ मिलिलिटर भरतो. साठ वर्षांच्या स्त्रीचे क्रिएटिनिन तेवढेच असेल, तर तिचा गाळणदर अवघा ५२ निघतो. ती अंगाने कृश असेल तर खरी स्थिती याहूनही वाईट असू शकते. यास्तव अहवालावर गाळणदर मागून घ्यावा.

दुसरा आकडा लघवीतून जाणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाचा. लघवीतील एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ते ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे. गाळणदर ६० च्या खाली, किंवा अल्ब्युमिन ३० वा अधिक, अशी स्थिती तीन महिने टिकली म्हणजे विकार जुनाट समजतात.

एका तपासणीने विकाराची अवस्था कळते, चाल कळत नाही. समजा, दोन इसमांचा गाळणदर आज ५८ आहे. दोन वर्षांनी एकाचा ५४ झाला, दुसऱ्याचा ३८. पहिल्याची उतरण वयोमानाच्या जवळपासची आहे. दुसऱ्याची वर्षाला १० ची आहे. वर्षाला ५ हून अधिक घसरण टिकून राहिली, तर ती वेगवान मानली जाते. तुलना मात्र सारख्याशी सारख्याची व्हावी. तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी. तापात, जुलाबांनंतर किंवा आदल्या रात्री मटणाचे जेवण झाले असता करू नये. मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी दोन्ही तपासण्या वर्षातून एकदा तरी कराव्यात आणि आकडे तारखेसह एकाच वहीत उतरवावेत. शाळेत जाणारे नातवंडही हे काम करू शकते.

मधुमेह आणि रक्तदाब ही मुख्य कारणे खरी, पण सर्वत्र तीच नसतात. गोव्याच्या दक्षिण टोकाला काणकोण तालुक्यात या दोहोंपैकी काहीही नसलेल्या लोकांनाही हा विकार जडलेला आढळला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तेथील पाण्यातील सिलिका व शिसे यांकडे बोट दाखविले. तथापि एकच एक कारण निश्चित झालेले नाही. काजूच्या हंगामात भर उन्हात राबून पाणी कमी पिणाऱ्याने अंगदुखीच्या गोळ्या वारंवार घेणे, हे तर कोणत्याही तालुक्यात मूत्रपिंडांना घातकच.

रक्तदाब आटोक्यात ठेवणे व मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आणणे यांनी उतरण मंदावते. सुकी मासळी आणि खारवलेली कैरी येथे आड येतात. शहाळे मूत्रपिंडांना हितकर, ही समजूतही विकार वाढल्यावर धोक्याची ठरते. त्यातील पोटॅशियम रक्तात साचून हृदयाची गती बिघडते.

गाळणदर ३० च्या खाली गेला किंवा अल्ब्युमिन ३०० च्या वर चढले, तर मूत्रपिंडतज्ज्ञाकडे जाण्यास विलंब लावू नये. डायलिसिस लागणार असेल, तर हातातील रक्तवाहिन्या जोडण्याची शस्त्रक्रिया आधी करावी लागते व ती जोडणी वापरण्याजोगी होण्यास काही आठवडे, कधी महिने जातात. अशा रुग्णाच्या ज्या हातावर, बहुधा डाव्या, ती करावयाची असते, त्या हातातून रक्त काढू नये व सलाइनही लावू नये. आरोग्यसेविकेला हे आधीच सांगून ठेवावे.