नाताळ आणि गरिबाचे अर्पण

शास्त्रभाग : लूक 2:22-38, लेवीय 12:6-8

पांढुर्णा-सौंसरकडे नाताळ येतो तो संत्र्याच्या आणि कापसाच्या दिवसांत. भाव मिळाला तर मुलांना नवे कपडे. गारपीट झाली तर नुसती उधारी. अशाच एका वर्षी आम्ही नाताळची उपासना टाळणार होतो. थैलीत घालावयास काही नव्हते. भीती देवाची नव्हे, शेजाऱ्यांच्या नजरेची!

आता लूक उघडा. बाळ येशूला मंदिरात आणले तेव्हा मरीयेने काय अर्पिले? नियमशास्त्राप्रमाणे एक कोकरू व एक पक्षी हवा. ज्याची ऐपत नाही त्याने दोन पक्षी आणावेत, ही सवलत. लूक कोकराचे नावच घेत नाही. म्हणजे मरीया व योसेफ सवलतीच्या रांगेत उभे राहिले, तेही मंदिरात, चारचौघांदेखत. आणि त्याच भेटीत शिमोनाने व हन्नेने बाळाला ओळखले.

1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या, आणि शेकडो मुलींना आपल्याबरोबर घेऊन गेल्या. सौंसर तेव्हा त्याच प्रांतात होते. रमाबाईंनी स्वतः आईबाप दुष्काळात गमावले होते. रिकामा हात त्यांना परका नव्हता.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा पाठ अर्पणाच्या आधी घ्यावा, नंतर नव्हे. आणि कोणी काय आणले हे मोठ्याने वाचू नये.

त्या वर्षी आम्ही अखेर गेलो. सोबत टोपलीभर डागी संत्री होती. उपासना सुटताच पोरांनी टोपली रिकामी केली.