गर्भातील बाळाचा प्राणवायू : पर्वतावर आणि मैदानात

नागपूर-भंडारा मार्गावरील शहापूर हे धानाच्या टापूतील गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटर उंचीवर आहे. उंच पर्वतावरील गर्भवतीच्या प्रश्नाशी या गावाचा काय संबंध, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु पर्वतावर जी उणीव हवेत असते, तीच आपल्याकडे अनेक मातांच्या रक्तात आढळते.

गर्भातील बाळ स्वतः श्वास घेत नाही. मातेच्या रक्तातील प्राणवायू वारेतून व नाळेवाटे त्याच्यापर्यंत पोहोचतो. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथेही हवेत प्राणवायूचे प्रमाण २१ टक्केच असते. मात्र हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या सुमारे दोन-तृतीयांश असल्याने प्रत्येक श्वासागणिक शरीरास प्राणवायू कमी मिळतो. उंची १,००० मीटरने वाढली की नवजात बालकाचे वजन सरासरी सुमारे १०० ग्रॅमने घटते, असे दिसून आले आहे. गर्भवतीचा रक्तदाब वाढण्याचा धोकाही तेथे अधिक असतो. पिढ्यान् पिढ्या पठारावर राहिलेल्या तिबेटी स्त्रियांच्या गर्भाशयाला रक्तपुरवठा अधिक होतो. म्हणून त्यांची बाळे मैदानातून तेथे आलेल्या स्त्रियांच्या बाळांहून वजनदार असतात.

मैदानातील उणीव

रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. पर्वतावर बंड्या पुरेशा असतात, पण धानाची रासच लहान असते. पंडुरोगात खळ्यावर रास मोठी असूनही ती वाहून नेण्यास बंड्या अपुऱ्या पडतात. गर्भवतीचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तो पंडुरोग आणि ७ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तीव्र पंडुरोग समजावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती पंडुरोगी आढळल्या. त्यामुळे अपुऱ्या दिवसांची प्रसूती व अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे मूल यांचा धोका वाढतो.

पूर्व विदर्भात सिकलसेलचीही भर पडते. या आजारात प्राणवायू कमी होताच तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. वारेतील रक्ताभिसरण मंदावून गर्भाची वाढ खुंटू शकते. अशा रुग्णांनी उंच पर्वतावर जाण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे अगत्याचे आहे. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून त्यासाठी २०४७ चे उद्दिष्ट ठेवले आहे.

काय करावे?

पहिल्या १२ आठवड्यांत आरोग्य केंद्रात नाव नोंदवून हिमोग्लोबिन व सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. पत्नी वाहक आढळल्यास पतीनेही तपासणी टाळू नये. चौथ्या महिन्यापासून लोह व फॉलिक ॲसिडची गोळी रोज एक याप्रमाणे १८० दिवस आणि प्रसूतीनंतर आणखी १८० दिवस घ्यावी. ती चहाबरोबर घेऊ नये; चहामुळे लोह अंगी कमी लागते. जेवणात पालेभाज्या, डाळी व लिंबू असावे. सिकलसेलच्या रुग्णाने मात्र लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

पर्वताची उंची कमी करणे कोणाच्याही हाती नाही. मातेच्या रक्तातील उणीव वेळीच ओळखून तिच्यावर उपचार करणे मात्र प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे. रोवणीच्या घाईत गर्भवतीची तपासणी मागे पडू नये, एवढी दक्षता घरच्या मंडळींनी अवश्य घ्यावी.