जुन्या गावात एकटी जाऊ नकोस

औसा, सोमवार

चि. छकुलीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री दादाचा फोन आला. तू आठ दिवसांपासून किल्लारीत आहेस म्हणाला. रजा टाकलीस, नव्या गावात खोली घेतलीस आणि रोज दुपारी जुन्या गावात जाऊन बसतेस. मला आधी पटेना. तासाभराच्या वाटेवर मामाचं घर असताना पोरगी भाड्याच्या खोलीत कशाला राहील? मग त्याने त्या संमोहनवाल्याचं सांगितलं आणि मी अंथरुणात उठून बसलो. तुला तीनदा फोन लावला. उचलला नाहीस. म्हणून हे पत्र. दादाचा पोरगा सकाळच्या एसटीने आणून देईल.

आधी एवढं ऐक, बाकीचं सावकाश वाच. जुन्या गावात एकटी जाऊ नकोस. तिथे वेडी बाभूळ माजलीय, आड अर्धवट बुजलेत, पेवांची तोंडं गवतात दिसत नाहीत. ज्यांची हयात त्या गल्ल्यांत गेली ती माणसंही हातात काठी असल्याशिवाय तिकडे फिरकत नाहीत. आणि तू पुण्याच्या चपला घालून जातेस! पस्तिशी उलटली तुझी. हे सांगावं लागतं का?

आता त्या गृहस्थाचं. त्याने म्हणे तुला डोळे मिटायला लावून विचारलं, की अंधार दिसतोय का, मग विचारलं, की दार कोणी लावलं. दुसरा प्रश्न नीट बघ. दार होतं आणि ते कोणीतरी लावलं, हे त्याने आधीच ठरवलं. मग तुला एक बाईमाणूस दिसलं, हातात कडी दिसली, आणि त्या बाईचा चेहरा शोधत तू किल्लारीला आलीस. अगं, माणसाला विचारशील तशी आठवण येते. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस नावाच्या बाईंनी हे १९९५ साली दाखवून दिलंय. चोवीस मोठ्या माणसांना त्यांच्या घरच्यांच्या नावाने सांगितलं, की लहानपणी तुम्ही बाजारात हरवला होता. कोणी हरवलं नव्हतं. तरी चौघांत एकाला ते हरवणं थोडंफार किंवा पुरतं आठवायला लागलं. ही साधी गप्पांतली गोष्ट. संमोहनात तर माणसाची खात्री वाढते, खरेपणा वाढत नाही. पैसे घेऊन लोकांच्या डोक्यात चेहरे बसवणाऱ्या या मंडळींचा मला मनस्वी राग आहे, तो इथेच सोडतो.

राग तुझ्यावर नाही. तुला विचारायचं होतं तर घरात कोणाला विचारणार होतीस? आजीने ते दार तुझ्यासाठी कधी उघडलंच नाही. दर ३० सप्टेंबरला ती तुला तुळजापूरला न्यायची, तो नवस नव्हता. त्या दिवशी किल्लारीत स्मृतिस्तंभापाशी बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना देतात, टीव्हीवर दाखवतात. ते तुझ्या दृष्टीस पडू नये एवढाच तिचा हेतू. तू दिवा लावून झोपायचीस, पहाटे चारला दचकून उठायचीस, आणि आम्ही सगळे ‘पोरीला पित्ताचा त्रास आहे’ म्हणायचो.

तर अंधार खरा आहे. कडी खोटी आहे. तुला कोणी कोंडलं नव्हतं, छकुले.

मला जे ठाऊक आहे ते दाजींकडून, तुझ्या बाबांकडून. त्यांनी ते एकदाच सांगितलं आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. १९९३ ची अनंत चतुर्दशी बुधवारी, २९ सप्टेंबरला होती. विसर्जन उरकून दाजी मंडळाच्या पोरांबरोबर शाळेच्या पटांगणातच आडवे झाले. अक्का, तुझी आई, तुला घेऊन घरी आली. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. दाजी धावत आले तेव्हा गल्लीच नव्हती, घर कोणतं ते वास्तूवरून कळेना, आडावरून मोजत मोजत त्यांनी जागा धरली. तू निघालीस ते दुपारी बाराच्या सुमारास. एक तुळई संदुकीवर तिरपी येऊन अडकली होती, तिच्याखाली तेवढीच पोकळी राहिली होती. तू अंगभर मातीने माखलेली, नाकातोंडात धूळ, पण हाडाला धक्का नाही. अक्का तुझ्या शेजारीच होती. तिचा हात तुझ्या पोटावर होता. तो अंधार, तो घट्टपणा, शेजारची बाई, एवढंच तुझ्यापाशी खरं आहे. चार वर्षांच्या पोराजवळ सबंध गोष्ट राहत नाही, तुकडे राहतात. बाकीचं त्या माणसाने भरलं.

आता मला ज्याची धास्ती आहे ते लिहितो. जुन्या गावाला एकटी जाऊ नकोस म्हणतोय ते सापकिरड्यासाठी खरंच, पण काकूकडेही एकटी जाऊ नकोस. ती पलीकडच्या घरातली, मधे एक भिंत. तिने त्या रात्रीचं जे ऐकलं ते ती लग्नाकार्यात, मयतीत, कुठेही बोलून जाते. तुला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळण्याआधी मीच सांगतो. ब्याण्णवच्या ऑक्टोबरात धक्के बसले होते तेव्हापासून अक्का भित्री झाली होती. गावाने पुन्हा घरात अंथरुणं टाकली तरी ती मधूनमधून अंगणात बाज टाकायची. त्या रात्रीही टाकली होती. तुला कणकण होती, थंडी वाजून तू रडायला लागलीस, म्हणून ती तुला उचलून आत घेऊन गेली. काकू हेच सांगते, आणि शेवटी म्हणते, ‘पोरीनं रडून आईला आत नेलं.’

हे वाक्य वाचून पत्र खाली ठेवू नकोस.

काकूने जे ऐकलं ते खरं. तिने जो हिशेब मांडला तो चूक, आणि हे मी मामा म्हणून म्हणत नाही. डिप्लोमा झाल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती पुनर्वसनाच्या बांधकामावर, तुला ठाऊक आहे. पडलेली घरं मी भिंतीभिंतीने पाहिलीत. आपल्याकडची भिंत दोन-अडीच फूट जाड. बाहेरून दगडांचा एक थर, आतून एक थर, मधे दगडगोट्यांचा भराव आणि सांधायला नुसती माती. दोन थरांना बांधून ठेवणारे लांब जोडदगड कोणी घातलेच नव्हते. वर माळवद, आणि गळतं म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती. भिंतीचे थर हलताच एकमेकांपासून सुटले आणि ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. कितीतरी घरांत आतले लाकडी खांब उभे राहिले होते नि भिंती तेवढ्या बसल्या होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सरकारी नकाशात आपला भाग तेव्हा सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ साली तो नकाशा बदलला. बावन्न गावं भुईसपाट झाली, सरकारी आकडा ७,९२८ माणसांचा. त्या सगळ्या घरांत काय पोरं रडत होती? थंडीतापाचं लेकरू आईला आत चल म्हणेल नाही तर काय म्हणेल?

तरी हिशेब थांबत नाही, हे मला ठाऊक आहे. माझाही थांबलेला नाही. त्या वर्षी अक्काने निरोप धाडला होता, विसर्जनाला ये, पोरीला तुझा लळा आहे, खांद्यावर घेऊन मिरवणूक दाखव. मी सोलापुरात होतो. आमच्या होस्टेलच्या गणपतीत मी लेझीम खेळणार होतो, आणि समोरच्या वाड्याच्या गॅलरीत एक मुलगी उभी राहायची, तिने बघावं म्हणून! मामीला हे माहीत आहे, ती हसते. मी आलो असतो तर तू माझ्याजवळ बाहेर झोपली असतीस. अक्काही झोपली असती. नाही तर आम्ही तिघंही आत गेलो असतो. या दोन वाटांवर मी किती रात्री फिरून आलोय ते सांगत नाही. सकाळी सोलापुरातही भांडी पडली होती, रेडिओवर किल्लारीचं नाव आलं, आणि मी उमरग्यापर्यंत मालट्रकने आलो. तिथून पुढे बघ्यांच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला. काही अंतर पायी. पोचलो तेव्हा दिवस कलला होता आणि तू एका अनोळखी बाईच्या मांडीवर बिस्किट हातात धरून बसली होतीस. खात नव्हतीस. मला बघून ते बिस्किट माझ्यापुढे केलंस.

अक्काला आपल्याच घराच्या दारांवर आणि तुळयांवर ठेवली. गावात दुसरं लाकूड कुठलं? तुला ते दिसू नये म्हणून मी तुला उचलून रस्त्याच्या पलीकडे नेलं. दाखवायला हवं होतं की नको, हे मला आजही ठरवता येत नाही. मग पाऊस लागला.

काकूवर चिडू नकोस. तिची दोन पोरं त्याच भिंतीखाली गेली. दोघं गाढ झोपलेली, एकदाही रडली नव्हती. तुझ्या रडण्याचं ती जे पुन्हा पुन्हा बोलते ना, मला वाटतं तिला दुसऱ्याच कशाचा विचार टाळायचा असतो. पुनर्वसनात मिळालेल्या घरात ती कितीतरी वर्षं स्लॅबखाली झोपली नाही, पुढे पत्र्याचा आडोसा करून राहिली. तिच्याशी बोल, पण मी असताना बोल.

आणि मनाचं दुखणं मनाच्या डॉक्टरला दाखवायचं. त्यात कमीपणा नाही. भूकंपानंतर डॉ. मोहन आगाशे या भागात लोकांच्या मनावर काय परिणाम झाला ते अभ्यासायला येत होते. आमच्या पोरांना ते सिनेमातले म्हणून माहीत. त्यांच्यासारखा शिकलेला मानसोपचारतज्ज्ञ पुण्यात शोध. जो आधी ऐकून घेईल, कडी कोणी लावली म्हणून विचारणार नाही असा. फी मी देईन म्हटलं तर तुला राग येईल, तू माझ्यापेक्षा जास्त कमावतेस. तरी देईन.

रागावून सुरू केलं होतं हे पत्र. मामी वाचून म्हणाली, अर्ध्यातच विरघळलात. शनिवारी सकाळी मी येतो. बूट घाल, दोन काठ्या मी आणतो. आड अजून ओळखू येतो, त्याच्यापासून तुमचा दरवाजा मी काढून देईन. तुला बसायचं असेल तितका वेळ बसू. मी बोलणार नाही, आणि तू विचारलंस तर सगळं सांगेन. अक्का कशी हसायची, तिचा आवाज कसा होता, ती तुला काय म्हणून हाक मारायची. छकुली हे नाव तिने ठेवलेलं नाही, ते आजीने नंतर ठेवलं. तिचं वेगळंच होतं. ते पत्रात लिहायचं नाही, तिथे सांगेन.

तोवर फोन उचलत जा.

तुझा,
मामा

ता. क. मामीने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दिलीय. चार धपाटे दादाच्या पोराच्या हाती काकूला पाठव. तिला दात नाहीत, दह्यात भिजवून पाठव म्हणजे खाईल.