राखणीच्या माळ्याची चौकट

रब्बी ज्वारी दाण्यात भरू लागली की पाखरे राखायला माळा लागतो. सावेडीची बरीच राने आता वसाहतींखाली गेली. पण आसपास जेथे ज्वारी आहे, तेथे बांधावरच्या लिंबाचा आधार घेतल्यास दोन खांब वाचतात. मात्र झाड वाऱ्याने हलते, खांब हलत नाही. चौकट करताना हेच ध्यानात ठेवावे.

खोड दीड फूट जाडीचे निवडावे. त्याच्या दोन अंगांना तुळया घेऊन पाऊण इंची एकच बोल्ट आरपार बसवावा. तार गुंडाळू नये. ती सालीत रुतते, अन्नरस खाली उतरत नाही व झाड वाळते. खोड जाड होत जाते, म्हणून बोल्ट लांब घ्यावा आणि दरवर्षी नट थोडा सैल करावा.

तुळयांची दुसरी टोके बेळक्याच्या खांबांवर नुसती टेकवावीत, वीतभर पुढे काढावीत व ढिल्या दोराने अडकवावीत. तीही आवळली, तर वाऱ्यात बोल्टापाशी लाकूड चिरते आणि माळा राखणदारासह खाली येतो.

२×६ इंची तुळईची ६ इंची बाजू उभी ठेवावी. आडव्या तुळईच्या तिप्पट भार ती पेलते. (घाईत हे सुतारही विसरतो!) वर सव्वा फुटावर वासे ठोकावेत. ते तुळयांबाहेर फूटभरापेक्षा जास्त काढू नयेत. टोकावर पाय पडताच माळा कलंडतो.