झाडाला आखाजी कळत नाही

पोरी, वडाचा ट्रे धुळ्याला नेलास त्याला आता महिना होईल. परवा फोनवर विचारलंस, 'आत्या, याला रोज किती पाणी घालू?' तेव्हाच ठरवलं, हे तोंडी सांगून भागायचं नाही, लिहूनच द्यावं. 'किती' हा प्रश्नच सोडून दे. गडू मोजून पाणी घालणाऱ्यांची झाडं खानदेशात दोन उन्हाळ्यांपलीकडे गेलेली मी तरी पाहिली नाहीत.

ट्रेच्या कोपऱ्यात बांबूची काडी खोचलेली आहे ना, ती काढून टाकू नकोस. सकाळी चहाआधी ती उपसून गालाला लावायची. गार, ओलसर लागली तर पाणी नको. कोरडी लागली तर घाल, आणि घालशील तेव्हा खालच्या भोकांतून वाहेपर्यंत घाल. नुसतं शिंपडलं की वरचा बोटभर थर भिजतो, आपल्याला समाधान होतं आणि खाली मुळं तशीच राहतात. हा मंत्र माझा नाही, आप्पांचा. माझे सासरे भुसावळला रेल्वेत होते. बोन्साय हा शब्द त्यांना फार उशिरा कळला, तोवर ते 'वामनवृक्ष' म्हणायचे. जपानीत बोन म्हणजे पसरट भांडं, साय म्हणजे लावलेलं रोप. भांड्यातलं झाड, एवढाच त्याचा अर्थ. बुटकी जात वगैरे काही नसते. तुझ्या ट्रेमधला वड आणि पारोळ्याच्या रस्त्याकडेचा वड एकाच जातीचे. एकाला जमीन मिळाली, दुसऱ्याला चार बोटं माती आणि आपण.

आता आपल्या उन्हाळ्याचं. पुस्तकं आणलीस तर त्यांत पाइन, मेपल, बर्फापासून झाड कसं वाचवायचं, असलं सगळं सापडेल. आपल्याकडे बर्फ फक्त रसवंतीत. इथे पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा गच्चीवरचा उथळ ट्रे तव्यासारखा तापतो आणि मुळं बाजूने भाजतात. म्हणून होळी झाली की ट्रे पश्चिमेच्या भिंतीपासून हलव. पूर्वेचं ऊन दहापर्यंत, नंतर हिरव्या जाळीची सावली. खाली जुनी परात ठेव, तिच्यात ओली वाळू, वाळूवर ट्रे. एप्रिल-मेमध्ये पाणी दोनदा, सकाळी सातच्या आत आणि दिवस मावळल्यावर.

आणखी एक, जे कुठल्याच जपानी पुस्तकात नसेल. गच्चीवरच्या टाकीला जोडलेल्या पाइपमध्ये दिवसभर पाणी तापत पडलेलं असतं. संध्याकाळी तो पाइप थेट झाडावर धरलास तर पहिलं मिनिटभर चहाचंच पाणी. माझं एक डाळिंब असंच गेलं, कळ्या धरलेलं. आधी पाणी बादलीत सोडायचं, हात बुडवून बघायचं, मग झारीने घालायचं. तुमच्याकडे नळाचं पाणी किती दिवसांआड येतं ते तुला माहीत आहे, तेव्हा झाडासाठी एक वेगळी बादली भरून झाकून ठेवत जा. बोअरचं पाणी क्षाराचं असतं, ट्रेच्या कडेला पांढरी खपली धरते. पावसाळ्यात पन्हाळीखाली पिंप लाव, ते पाणी झाडाला अमृत.

आखाजीची गोष्ट तू लहानपणी ऐकली असशील, पण पुरती ऐकलेली नाहीस. लग्नानंतर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी मी आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले. गौराई, झोके, सांजोऱ्या, मैत्रिणी सगळ्या आलेल्या. दोन दिवसांचे चार झाले. आप्पा लग्नाला मुंबईला गेलेले, घराला कुलूप. परत आले तर चिंचेची पानं हिरवीच होती. मला बरं वाटलं. हात लावला आणि सगळी पापडासारखी चुरली. आप्पांनी नऊ वर्षं वाढवलेलं झाड. ते रागावले नाहीत. खोडावर नखाने ओरखडा काढला, आतला तपकिरी रंग मला दाखवला आणि म्हणाले, ''झाडाला आखाजी कळत नाही.'' ओरखड्यात हिरवं दिसलं तर आशा असते, तपकिरी दिसलं तर नसते. हे मी त्या दिवशी शिकले.

तेव्हापासून बाहेरगावी जायचं तर आधी झाडाची सोय, मग बॅग. शेजारणीला सांगितलंस तर काडीचं गणित तिलाही शिकव. नाहीतर सलाइनचा सेट घे, वर बाटली टांगून थेंब बसवून दे. ठिबक आपल्या मुलखाला कोणी शिकवायला नको, केळीचे बागच्या बाग त्यावर उभे आहेत. पण थेंबावर तीन दिवसांपेक्षा जास्त भरवसा ठेवू नकोस. नळीत कचरा अडकायला वेळ लागत नाही.

माती. शेतातली काळी माती कपाशीला, केळीला, भरताच्या वांग्याला. ट्रेला ती चालत नाही. ओली झाली की चिकणा गोळा, सुकली की भेगा, आणि भेगेबरोबर बारीक मुळं तुटतात. विटा फोड. पोह्याच्या चाळणीतून गाळ, मग जे खाली पडेल ते रव्याच्या चाळणीत घे. रव्याच्या चाळणीत वर राहील, तुरीच्या डाळीएवढं, ते आपलं. भुकटी फेकून दे, ती भोकं बुजवते. दोन वाटे वीट, एक वाटा जाडी वाळू, एक वाटा पुरतं कुजलेलं शेणखत. खत अर्धवट कुजलेलं असेल तर हुमणी आणि बुरशी फुकट मिळते. वरखत म्हणून पेंड चार दिवस भिजवून, फिकट चहाच्या रंगाची करून, महिन्यातून एकदा. मे महिन्यात तेही नको.

झाडं कुठली ठेवावीत, हे तू विचारलं नाहीस, पण विचारशील, कारण एका झाडावर कोणी थांबत नाही. वड, उंबर, नर्सरीत मिळणारा फायकस, चिंच, कामिनी, बोगनवेल, जेड. हे सगळे आपलं ऊन सोसतात. बोगनवेलीची मुळं छेडू नकोस आणि तिला जरा तहानलेली ठेव, तरच फुलते. जेडची पानं जाड असतात, ती पाणी साठवते. कुंडी बदलल्यावर आठवडाभर पाणी दिलंस तर सडेल. पिंपळाची पानं लवकर लहान होत नाहीत, पण त्याचा मोह मला सुटत नाही.

त्याचं कारण माझा पिंपळ. जुना वाडा पाडत होते तेव्हा भिंतीतून काढलेला. दगडविटांच्या सांध्यात वाढल्यामुळे त्याची मुळं पोळीसारखी चपटी झाली होती, एका मुळावर तर विटेचा काटकोन उमटलेला. तो आजही दिसतो. मजूर म्हणाला, ''काकू, हे तर जळणात जाईल.'' सगळी पानं काढली, मूळ ओल्या गोणपाटात बांधलं आणि घरी आणलं. जून होता म्हणून जगला. अशी भिंतीतली, छपरावरची, गटाराकडची झाडं जरूर घे. पण लळिंगच्या रानातून किंवा सातपुड्यातून काही उपटून आणायचं नाही. एक तर ते वनखात्याचं, आणि अंजनासारख्या झाडाचं सोटमूळ एवढं खोल असतं की उपटलं म्हणजे मेलंच. रानात जायचं ते बघायला. बकऱ्यांनी वर्षानुवर्षं खुडलेली बोरीची झुडपं बघ. जाड खोड, गच्च डोकं, एका बाजूला झुकलेली. फांदी कुठे तोडावी हे मला कात्रीपेक्षा बकरीने जास्त शिकवलं.

तारेबद्दल थोडक्यात. ॲल्युमिनियमची तार दुकानात मिळते. आप्पा मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून जळालेल्या मोटारीची तांब्याची तार आणायचे, जळाल्यामुळे ती मऊ होते. फांदीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी जाड, तिरकी गुंडाळायची. पावसाळ्यात वड भराभर जाडतो आणि तार सालीत रुतते. तुझ्या झाडाच्या डाव्या फांदीवर मळसूत्रासारखा वळ आहे ना? तो माझा आळस. श्रावणात काढायची तार मी दिवाळीला काढली. तो वळ आता झाडाबरोबरच राहणार.

तुझ्या सासूबाई म्हणाल्या म्हणे, घरात बोन्साय ठेवलं की प्रगती खुंटते. त्यांना उलट बोलू नकोस. ट्रे अंगणात किंवा गच्चीवर ठेव, असंही हे झाड दिवाणखान्यातलं नाहीच, आत ठेवलं की पानं गाळतं. कोणी म्हणेल, झाडाचे हाल करता. हाल कुठल्या झाडाचे होतात, तर ज्याला पाणी द्यायला कोणी नसतं त्याचे. जपानात यामाकी नावाच्या घराण्याकडे पांढरा पाइन होता, 1625 पासून ट्रेमध्ये वाढवलेला. 6 ऑगस्ट 1945 ला हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तो त्याच शहरात, अंगणातल्या भिंतीआड होता. वाचला. 1976 मध्ये त्यांनी तो अमेरिकेला भेट दिला, वॉशिंग्टनमध्ये आजही आहे. एवढ्या वर्षांत किती जणांनी त्याला पाणी घातलं असेल, मी त्याचाच विचार करते. आपल्याकडेही 2018 च्या फेब्रुवारीत पुण्यात प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने 'बोन्साय नमस्ते' हे मोठं प्रदर्शन भरलं होतं. पण प्रदर्शन बघून घाबरू नकोस. तिथे मांडलेली झाडं चांगल्या दिवशीची असतात.

मला यात काय मिळतं, असं तुझे काका नेहमी विचारतात. सकाळी सहाला गच्चीवर जाते. वडाच्या शेंड्यावरचं तांबूस टोपण काल मिटलेलं असतं, आज गळून पडलेलं असतं आणि आतून पान निघालेलं, करंगळीच्या नखाएवढं, ओलसर चकचकीत. रस्त्यावरच्या वडाला अशी पानं हजारो फुटतात, मी कधी एकही पाहिलं नव्हतं.

तर, जूनमध्ये दुसरा चांगला पाऊस झाला की कुंडी बदलायची, मुळांचा तिसरा हिस्सा कापायचा. तोवर कात्री लावू नकोस. आणि यंदा आखाजीला येशील तेव्हा ट्रे शेजारणीकडे ठेवू नकोस, गोणपाटात गुंडाळून गाडीतून घेऊनच ये. दुपारी निघू नकोस, पहाटे नीघ.