कार्ड आहे, मग दातात सिमेंट भरायला पैसे का?



गटाच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. "दाढ दुखायली म्हणून दवाखान्यात गेले, कार्ड दाखवलं, तर डॉक्टर म्हणाले दाताला कार्ड चालत नाही. मग पाच लाखाचं कार्ड कशाचं?" प्रश्न अगदी बरोबर आहे. या पाठात त्याचं उत्तर समजून घेऊ आणि दाढेचा खर्च कुठे वाचवता येतो तेही पाहू.

कार्ड कशासाठी आहे?

आपल्या नांदेड जिल्ह्यात ही योजना अगदी सुरुवातीपासून आहे. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होता. पुढे 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. आता आयुष्मान भारत योजना तिच्याशी जोडलेली आहे आणि एका कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात.

पण ही योजना दवाखान्यात भरती होऊन करायच्या, यादीतल्या मोठ्या उपचारांसाठी आहे. अपघातात जबड्याचं हाड मोडलं, तोंडाचा कॅन्सर झाला, तर कार्ड उपयोगी पडतं. दातात सिमेंट भरणं मात्र खुर्चीवर बसून अर्ध्या तासात होतं, त्याला भरती व्हावं लागत नाही. म्हणून ते कार्डात बसत नाही.

खाजगी विम्याचंही बहुतेक तसंच आहे. अपघात होऊन भरती व्हावं लागलं तरच दाताचा खर्च देऊ, असं बऱ्याच पॉलिसींत लिहिलेलं असतं. कुणी पॉलिसी घ्या म्हणून दारात आलं तर सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा: भरती न होता केलेला खर्च मिळतो का? दाताचा खर्च मिळतो का? तोंडी "हो" वर विसंबू नका, कागदावर कुठं लिहिलंय ते दाखवायला सांगा.

भोक लहान असतानाच का भरायचं?

दाताची कीड म्हणजे अळी नव्हे. आठवडी बाजारात धुरी देऊन दातातून अळी काढून दाखवणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. गोड आणि चिकट खाणं दातावर राहतं, त्यावर तोंडातले जंतू वाढतात, आम्ल तयार होतं आणि दात हळूहळू पोखरला जातो.

सुरुवातीला काळा ठिपका दिसतो. मग गार पाणी प्यालं की कळ येते. इथपर्यंत सिमेंट भरून काम भागतं. कीड नसेपर्यंत पोचली की रात्रभर ठणका लागतो. मग नसेचा उपचार, म्हणजे रूट कॅनाल, आणि वर टोपी. नाहीतर दाढ काढणं.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. लवंग ठेवून, गोळी खाऊन ठणका आपोआप थांबला म्हणजे दाढ बरी झाली असं नाही. बऱ्याचदा आतली नस मेलेली असते आणि खाली पू धरत असतो. गालावर सूज आली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता हिशोब करू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, तुम्ही तुमच्या डॉक्टरचे दर घालून बघा.

लवकर गेलो तर: सिमेंट 700, जाणं-येणं 100, बुडालेली एक मजुरी 300. एकूण 1,100 रुपये.

उशिरा गेलो तर: रूट कॅनाल 3,500, टोपी 3,000, चार खेपांचं जाणं-येणं 400, चार मजुऱ्या 1,200. एकूण 8,100 रुपये.

पहिली रक्कम गटातून शेकडा 2 रुपयांनी घेतली तर महिन्याला व्याज 22 रुपये. दुसरी सावकाराकडून शेकडा 5 रुपयांनी घेतली तर महिन्याला 405 रुपये! दाढ तीच, फरक फक्त वेळेचा.

मोफत कुठे मिळेल?

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केस पेपरलाही पैसे नाहीत. त्यासाठी कार्डाची गरज नाही. म्हणून आधी गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा: दाताचे डॉक्टर कोणत्या दिवशी, किती वाजता बसतात? सिमेंट भरायचं साहित्य आहे का? आशाताईंकडून आधी विचारून घेतलं तर खेप वाया जात नाही. विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वेगळ्या विभागाचं आहे, तिथं हा मोफतचा नियम लागू नाही. नांदेड आणि लातूरला खाजगी दंत महाविद्यालयं आहेत. तिथं शिकणारे डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली उपचार करतात. तिथले दरही विचारून बघा. पण वेळ जास्त लागतो, खेपा वाढतात, तेव्हा प्रवासाचा खर्च धरूनच ठरवा.

मुलांसाठी वेगळी सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय शाळेत एकदा येतं. त्यांच्या तपासणीत दातांची कीडही येते. पथक येईल त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका आणि चिठ्ठी मिळाली तर ती पेटीत न ठेवता दवाखान्यात न्या. "दुधाचे दात पडणारच की" म्हणून सोडू नका; दुखऱ्या दातानं लेकरू जेवत नाही, झोपत नाही.

सिमेंट भरताना हे विचारा

एकूण किती पैसे, किती खेपा? कोणतं सिमेंट? चांदी म्हणतात त्यात पारा असतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना, तसंच 15 वर्षांखालच्या मुलांना ते भरत नाहीत, म्हणून तसं असेल तर आधीच सांगा. पावती मागून घ्या.

आणि मिसरी? दात घासायला म्हणून लावतो, पण ती भाजलेली तंबाखूच. तिनं दात वाचत नाहीत, उलट तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. रात्री झोपताना साधी पेस्ट आणि ब्रश पुरे.

पुढच्या बैठकीत हे करा

1. प्रत्येकीनं विचार करावा: माझ्या किंवा लेकरांच्या दातात काळा ठिपका, कळ, सूज आहे का?
2. ज्यांना आहे त्यांनी मिळून एकाच दिवशी गोकुंद्याला जावं.
3. पैसे लागणार असतील तर दाढेसाठीचं छोटं कर्ज अंतर्गत कर्जातून लवकर द्यायचं का, यावर ठराव घ्यावा. "एवढ्याशा दातासाठी काय कर्ज मागायचं" या लाजेपायीच 1,100 चे 8,100 होतात.
4. कार्डात कोणता उपचार बसतो हे विचारायला 155388 हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, त्यांनाही विचारता येतं.

कार्ड जपून ठेवा, मोठ्या दुखण्यात ते लाखमोलाचं आहे. पण दाढेसाठी त्याची वाट बघू नका. काळा ठिपका दिसला त्याच आठवड्यात निघा.