आकडा आणि ऐवज

मुंबईच्या एका कारखान्यात ३४ वर्षे टर्नरची नोकरी करून मी हेदवीस कायमचा मुक्काम हलविला, तेव्हा आमच्या गोठ्यातून गुरे केव्हाच गेलेली होती. त्या रिकाम्या जांभ्याच्या भिंतींत, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात पदरात पडलेला साडेचार फुटी लेथ आणून बसविला, आणि पुढे दृष्टी मंदावून डायलवरच्या रेघा एकमेकींत मिसळू लागल्या म्हणून त्याला डिजिटल रीडआउट जोडून घेतला. काचेच्या पट्टीवर अतिसूक्ष्म रेघा आखलेल्या असतात, स्लाइडबरोबर सरकणारा वाचक प्रकाशाच्या साह्याने त्या मोजतो, आणि पडद्यावर ५ मायक्रॉनपर्यंतचा, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या हिश्शापर्यंतचा हिशेब लाल अक्षरांत उमटतो. स्क्रूतल्या खेळाची धास्ती त्यामुळे उरत नाही, कारण हँडल किती फिरले हे न पाहता स्लाइड प्रत्यक्ष किती सरकली तेच ही पट्टी पाहते. म्हाताऱ्या डोळ्यांना हे वरदानच, असे मला वाटले. आणि ते खोटेही नव्हते.

फाल्गुनातली गोष्ट. शेजारच्या आगरातल्या पंपाचा बुश झिजला होता, पोफळीचे शिंपणे अडले होते, आणि आगराचा मालक सकाळपासून दोनदा दारात डोकावून, “काय अप्पा, आज पाणी सुटेल ना?” असे विचारून गेला होता. चिपळुणाहून आणलेला गनमेटलचा तुकडा चकमध्ये धरला, आतले भोक पूर्ण केले, बाहेरचा डाया मायक्रोमीटरने पाहिला तो ४२.६० भरला, हवा होता ४२.००. पडदा शून्यावर आणला, फक्त ०.६० काढायचे, म्हणून हँडल फिरवीत आकडा ०.६०० वर नेऊन ठेवला आणि ऑटो फीड दिली. कीस सोन्यासारखा सुटला, पृष्ठभाग आरशासारखा आला, आकडा तसूभर हलला नाही. मायक्रोमीटरच्या रॅचेटने तीन वेळा टिकटिक केली, तेव्हा वाचले ४१.४०.

आदल्या दिवशी मी एका बोल्टाचे आटे पाडले होते आणि आट्यांची खोली त्रिज्येत मोजावयाची म्हणून पडद्याची मांडणी व्यासावरून त्रिज्येवर फिरविली होती. ती पूर्ववत करावयाची राहून गेली, आणि यंत्राने ती इमानाने ध्यानात ठेवली. त्रिज्येतले ०.६० म्हणजे डायातले १.२०. यंत्राची कसूर शून्य. त्याने मी विचारले तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर दिले होते. पंपाच्या घरात तो बुश ठोकून बसण्याऐवजी टपकन खाली पडला, आणि पोफळी आणखी दोन दिवस तहानलेल्या राहिल्या.

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर वसविलेल्या किर्लोस्करवाडीत ज्यांचे हात घडले होते, ते आमचे उस्ताद पोरांना एकच गोष्ट सांगत: अखेरच्या कटाआधी एक कट घे, थांबव, माप. डायलवर माझा कधी पुरता विश्वास नसल्याने हा हुकूम मी ३४ वर्षे पाळला, आणि दशांशापुढचे तीन अंक दिसू लागताच मोडला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या हेन्‍री मॉड्स्ले यांच्या कारखान्यात बाकावर एक मायक्रोमीटर असे आणि त्याला ‘लॉर्ड चान्सलर’ म्हणत, कारण मापाच्या तंट्यात त्याच्या निवाड्यावर अपील नसे. माझ्या गोठ्यात मी तो अधिकार पडद्याला देऊन बसलो होतो, वास्तविक त्याची योग्यता नोंदी ठेवणाऱ्या कारकुनाची.

म्हणून हे यंत्र नव्याने घेणाऱ्याने आधी ०.२० चा कट घ्यावा आणि चक पूर्ण थांबवून मायक्रोमीटर लावावा, पडदा ०.२० म्हणतो आणि जिन्नस ०.४० ने बारीक झाला, तर बिघाड कोठे आहे ते तेथेच कळते आणि काही हातचे जात नाही. टूल पोस्टाखालच्या टॉप स्लाइडचे हँडल दोन पट्ट्यांच्या रीडआउटला दिसतच नाही. ती स्लाइड हलली तरी पडदा ढिम्म राहतो, तेव्हा ती आवळून ठेवावी. वीज गेली असताना (आणि आमच्याकडे ती वारा सुटला की जाते) सवयीने कोणतेही हँडल फिरविले, तर साध्या पट्टीला त्याचा पत्ता लागत नाही, आणि वीज परत येताच पडदा जुनाच आकडा निर्विकारपणे दाखवितो. त्यावेळी टूल पुन्हा जिन्नसाला टेकवून माप नव्याने बांधावे. गरम जिन्नसाचे माप तर घेऊच नये: ४२ मिलिमीटरचा गनमेटल भोवतालच्या हवेहून ३० अंशांनी तापला, तर दोन शतांश मिलिमीटरांहून अधिक फुगतो, आणि घट्ट बसावयाचा बुश निवल्यावर सैल होण्यास एवढे पुरते.

याहून गंभीर प्रसंग पुढे घडला, आणि त्याचे कारण आकड्यांची भुरळ हेच होते. ऑटो फीड चालू, लांबीचा आकडा शून्याकडे येतो आहे, माझी नजर पडद्यावर खिळलेली. त्याच वेळी टूल चकच्या जबड्यापाशी पोचले होते. कार्बाइडची टोकदार कपची कानाजवळून सुटून पत्र्यावर आदळली. तेव्हापासून कॅरेजला स्टॉप लावल्याशिवाय आणि चक एकदा हाताने पुरता फिरवून पाहिल्याशिवाय मी स्विचला हात लावीत नाही. चष्मा डोळ्यांवर, बाह्या कोपराच्या वर, आणि चकची चावी खिळ्यावर टांगलेली आहे की नाही ते पाहून मगच.

पावसाळ्याची तजवीज मात्र निराळी. आषाढात किनाऱ्याच्या खडकातल्या बामणघळीतून भरतीचे पाणी उसळू लागले की वाऱ्याबरोबर खारे तुषार आमच्या कौलांपर्यंत येतात आणि जांभा तर पाणी पितोच. एका रात्रीत बेडवर तांबूस ठिपके उठतात. प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला तर खाली दव साचून गंज दुप्पट वेगाने चढतो, हे पहिल्याच वर्षी दंड भरून शिकलो. आता बेडला तेलाचा जाड हात देतो, वर जुने सुती धोतर टाकतो, खाली ४० वॉटचा दिवा जळत ठेवतो. आणि काचेच्या पट्टीचे रबरी ओठ खालच्या बाजूस येतील अशीच ती मुळात बसवून घेतली आहे, म्हणजे कीस आणि पाणी आत न शिरता ओघळून जाते. ४१.४० चा तो बुश खिडकीत पडदीवर आहे. पावसाळ्यानंतर आगराचा मालक आला की तो उचलून पाहतो, हसतो, आणि नव्या बुशाने पाणी कसे ओढले ते पुन्हा एकदा सांगतो.